गायक सोडा, बेसवाला पकडा: सेव्हन्टीजचं सोल आणि डिस्को ऐकायचं कसं

डिस्को म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर काय येतं, तर छताला लटकणारा चकाकता गोळा, पांढरा सूट आणि मिथुनदा. त्यात चूक काही नाही, मी पण तिथूनच आलोय. पण मूळ अमेरिकन सोल-डिस्को (सोल म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) ऐकायला बसलं की बऱ्याच जणांचं एकच होतं, दहा-बारा हिट गाणी ऐकतात, "हां, नाचायला बरंय" म्हणतात आणि आठवड्याभरात कंटाळतात, कारण सगळं एकसारखंच वाटायला लागतं. तेच धप धप धप धप, तीच व्हायोलिनं, तोच बाईचा चढा आवाज. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एकदा एका जुन्या एलपीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात वाजवणाऱ्यांची नावं वाचली आणि डोकं चक्रावलं, कारण माझ्याकडे ओ'जेजची एक रेकॉर्ड होती, हॅरॉल्ड मेल्विनची एक होती, ट्रॅम्प्सची एक होती, तीन वेगळे ग्रुप, तीन वेगळे आवाज, आणि तिन्हीवर ड्रमवाला एकच. अर्ल यंग.

तेव्हापासून मी हे संगीत उलटं ऐकतो. गायक म्हणजे दुकानावरची पाटी, आतला माल वेगळेच लोक बनवत होते, आणि ते लोक शहराशहरात एकेका स्टुडिओत रोज सकाळी नोकरीला गेल्यासारखे जायचे. ते पाच-सहा स्टुडिओ आणि तिथली वीस-पंचवीस माणसं ओळखीची झाली की "सगळं एकसारखं" वाटणं बंद होतं. ते कसं करायचं तेवढंच सांगतो.

आधी मोबाईलचा स्पीकर बंद करा. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि मोबाईलच्या त्या नखाएवढ्या स्पीकरमधून तेवढं खालचं काही बाहेरच येत नाही, म्हणजे तुम्ही अर्धं गाणं ऐकतच नाही आहात. वायरवाले साधे इअरफोन चालतील, पण दोन्ही कानात घाला, आणि ॲपमधलं ते 'बेस बूस्ट' का काय ते बंद ठेवा, त्याने सगळा चिखल होतो. आणि एक फसवणूक टाळा: स्ट्रीमिंगवर या काळातली बरीच गाणी नंतर पुन्हा रेकॉर्ड केलेली असतात, गायक तोच पण वीस वर्षं म्हातारा आणि मागे कुणीतरी कीबोर्डवर सगळं उरकलेलं. नावापुढे बारीक अक्षरात 'री-रेकॉर्डेड' असं दिसलं तर पुढे सरका. 'रीमास्टर' असेल तर हरकत नाही, ती जुनीच टेप धुऊनपुसून दिलेली असते. शक्यतो कलेक्शन नको, मूळ अल्बम शोधा.

आता टाळीचं बघू. आपल्याला भजनापासून समेवर टाळी द्यायची सवय, एक-दोन-तीन-चार मोजलं की हात आपोआप एकवर पडतो. सोलमध्ये टाळी दोनवर आणि चारवर असते, स्नेअर ड्रमचा फटका तिथे पडतो. पहिले दोन दिवस हे जमणार नाही, हात घसरून एकवर येईल. एक युक्ती आहे, एक आणि तीनला पाय आपटा, दोन आणि चारला टाळी द्या, आणि बोलू नका, नुसतं चालत राहिल्यासारखं करा. घरचे बघतील, बघू देत. हे एकदा अंगात बसलं की मग पुढचं सगळं सोपं आहे, आणि नाही बसलं तर पुढचं सगळं नुसती माहिती आहे.

पहिलं गाणं लावायचं ते हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं 'द लव्ह आय लॉस्ट', १९७३. यात गाणारा हॅरॉल्ड मेल्विन नाहीच, हे पण लक्षात घ्या, तो टेडी पेंडरग्रास आहे, जो आधी याच ग्रुपमध्ये मागे बसून ड्रम वाजवायचा आणि नंतर पुढे माइकवर आला. पाटीवर नाव एकाचं, आवाज दुसऱ्याचा. पण आपण त्याच्याकडे पण नाही बघायचं, आपण अर्ल यंगच्या उजव्या हाताकडे बघायचं. ड्रमसेटमध्ये हाय-हॅट म्हणून असते, स्टँडवर एकावर एक ठेवलेल्या दोन झांजा, पायाने त्या मिटतात आणि उघडतात. किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, चारही मात्रांवर पडतोय, धप धप धप धप, आणि दोन धपांच्या बरोबर मधे ही झांज क्षणभर उघडते आणि लगेच मिटते, म्हणजे धप-त्स्स, धप-त्स्स, धप-त्स्स. बस, हाच तो डिस्कोचा ठेका. पुढे जगभर जे हजारो लोकांनी वाजवलं, मशीनमध्ये भरलं, लग्नाच्या बँडपर्यंत पोचलं, ते इथून. आणि गंमत म्हणजे हे गाणं आधी संथ चालीचं म्हणून करायला घेतलं होतं, जमेना म्हणून लय वाढवली आणि यंगने खाली हा ठेका टाकला.

स्टुडिओ कुठला, तर फिलाडेल्फियातला सिग्मा साउंड, जो टार्सिया नावाच्या इंजिनिअरने १९६८ मध्ये सुरू केलेला. तिथे गाणी करून घेणारी मंडळी केनी गॅम्बल आणि लिओन हफ, त्यांची कंपनी फिलाडेल्फिया इंटरनॅशनल, १९७१ ची. वाजवणाऱ्या ताफ्याचं नाव एमएफएसबी, त्याचा अर्थ मदर फादर सिस्टर ब्रदर (दुसरा एक अर्थ पण होता, तो इथे नको). ड्रमवर यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, हे तिघं म्हणजे पाया. व्हिन्स मोंटाना व्हायब्राफोन वाजवायचा, ती धातूच्या पट्ट्यांवर काठ्या मारून येणारी गोड टणटण जी गाण्यात मधेच चमकून जाते. आणि मागे गाणाऱ्या तीन मुली, बार्बरा इंग्रॅम, कार्ला बेन्सन, एव्हेट बेंटन, त्यांना 'स्वीटहार्ट्स ऑफ सिग्मा' म्हणायचे, त्या इतक्या रेकॉर्डवर आहेत की एकदा ओळखायला लागल्या की सगळीकडे भेटतात, अगदी लग्नात दरवेळी भेटणाऱ्या लांबच्या आत्यांसारख्या. १९७४ मध्ये या ताफ्याचं स्वतःचं गाणं 'टीएसओपी' अमेरिकेत एक नंबरला गेलं, 'सोल ट्रेन' या टीव्ही कार्यक्रमाचं ते शीर्षकसंगीत, त्यात थ्री डिग्रीज या गायिकांचे थोडेसे शब्द सोडले तर गाणं असं नाहीच, नुसतं वाजवणं. म्हणजे एकदा का होईना दुकानाच्या आतले लोक पाटीवर आले.

मग पैशावरून बिनसलं. यंग, बेकर, हॅरिस, मोंटाना अशी बरीच मंडळी न्यूयॉर्कच्या साल्सोल कंपनीकडे वळली आणि १९७५ पासून मोंटानाच्या हाताखाली 'साल्सोल ऑर्केस्ट्रा' वाजायला लागला. हे माहीत असणं ऐकायला उपयोगी पडतं, कारण तुम्ही फिलाडेल्फिया इंटरनॅशनलचं १९७३ चं काही आणि १९७७ चं काही लागोपाठ लावलंत तर दुसऱ्यात काहीतरी हललेलं जाणवतं, आणि तेच हललेलं साल्सोलच्या रेकॉर्डवर सापडतं. मी दोन रविवार फक्त हे करत बसलो होतो. यंगचं अजून एक, 'डिस्को इन्फर्नो' (१९७६) वाजवणारे ट्रॅम्प्स म्हणजे त्याचाच ग्रुप, ड्रमही तो आणि मधेच येणारा तो खर्जातला आवाजही त्याचा.

आता बेस. इथे जरा थांबू, कारण माझ्या मते सगळं संगीत इथेच आहे.

बेस ऐकायचा एकच मार्ग मला सापडलाय, तो म्हणजे गाण्याची चाल गुणगुणायची नाही, बेस गुणगुणायचा. लाज सोडून, डूम-डू-डूम-डूम असं तोंडाने. सुरुवातीला चाल सारखी ओढून घेते, मग चार-पाच वेळा ऐकून झालं की एकदम काहीतरी सुटतं आणि खालचा माणूस वेगळा दिसायला लागतो. हे करायला मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा अल्बम घ्या आणि त्यातलं त्याच नावाचं गाणं लावा, १९७१, मोटाउन कंपनी, शहर डेट्रॉइट. बेसवर जेम्स जेमर्सन. हा माणूस मुळात उभा, माणसाएवढा डबल बेस वाजवणारा, तिथली सवय म्हणून बेस गिटारवर उजव्या हाताचं फक्त एक बोट वापरायचा, त्या बोटाला सगळे 'द हुक' म्हणायचे. गिटार १९६२ चं फेंडर प्रिसिजन, आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही, जुन्या मळक्या तारांमुळेच तो गोल, बुटका, लाकडासारखा आवाज येतो असं त्याचं म्हणणं. 'व्हॉट्स गोइंग ऑन'ची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, गेने त्याला एका बारमधून शोधून आणला आणि त्याला खुर्चीवर नीट बसताही येईना म्हणून त्याने जमिनीवर उताणं पडून वाजवलं असं सांगतात. खरं-खोटं काही असो, वाजवलंय ते ऐका. तो एका जागी थांबतच नाही, गायकाच्या दोन ओळींच्या मधे घुसतो, वर चढतो, अर्धवट सोडतो, आणि तरीही लय कणभर हलत नाही.

आता त्याच अल्बमचं शेवटचं गाणं लावा, 'इनर सिटी ब्लूज'. इथे बेसवर बॉब बॅबिट आहे. जेमर्सन गप्पा मारतो, बॅबिट एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो आणि मधे मोकळी जागा सोडतो, आणि त्या जागेतच गाण्याची सगळी उदासी आहे. एकाच अल्बमवर एकाच स्टुडिओतले दोन बेसवाले, मला नाही वाटत शिकण्यासाठी याहून चांगला धडा कुठे आहे. आणि हा अल्बम यासाठीही महत्त्वाचा की मोटाउनच्या वाजवणाऱ्यांची, म्हणजे 'फंक ब्रदर्स'ची, नावं कव्हरवर पहिल्यांदा इथे छापली गेली. १९५९ पासून कंपनी चालू होती. साठच्या दशकातले ते एक नंबरचे हिट, जवळजवळ सगळ्यावर हेच लोक, आणि नाव १९७१ मध्ये. पुढच्याच वर्षी कंपनी बाडबिस्तरा उचलून लॉस एंजेलिसला गेली आणि यातले बरेच जण डेट्रॉइटमध्येच राहिले. जेमर्सन गेला लॉस एंजेलिसला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही, १९८३ मध्ये वारला, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं ते २००० साली.

डेट्रॉइट सोडायच्या आधी टेम्प्टेशन्सचं 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन' (१९७२) ऐका, पण अल्बमवरचं, जवळजवळ बारा मिनिटांचं. पहिली चार मिनिटं कुणी गातच नाही. बेस दोन-चार सूर टाकतो आणि गप्प बसतो, पुन्हा तेच, वर हाय-हॅट टिकटिकतेय, एक वाह-वाह गिटार (पायाखालच्या पेडलने सूर 'वाह-वाह' असा उघडमीट करणारी) कुरकुरतेय. गायक कधी येणार म्हणून घड्याळ बघितलंत तर तुम्ही अजून पाटीच बघताय.

मेम्फिसबद्दल थोडक्यात सांगतो, थोडक्यात म्हणजे ते कमी आहे म्हणून नाही, तिथे वेगळं काही करायला लागत नाही म्हणून, कान आपोआप जातो. रॉयल स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर, जमीन पुढे उतरती, तशीच ठेवलेली. निर्माता विली मिचेल, गायक अल ग्रीन, आणि वाजवणारे हॉजेस बंधू, टीनी गिटारवर, चार्ल्स ऑर्गनवर, लिरॉय बेसवर. तिघं सख्खे भाऊ एका खोलीत वाजवताना कसं वाजतं ते 'लव्ह अँड हॅपिनेस' (१९७२) मध्ये ऐका, सुरुवातीला गिटार एकटीच आहे आणि मग पायाने दिलेला ठेका चक्क ऐकू येतो, आणि मग बाकीचे येतात. ड्रमचा आवाज इतका कोरडा की कुणीतरी शेजारच्या खोलीत पुठ्ठ्यावर मारतंय असं वाटतं. त्याच शहरात स्टॅक्स कंपनी, तिथला आयझॅक हेज, १९७१ चं 'शाफ्ट', ती हाय-हॅटची सरसर आणि चार्ल्स 'स्किप' पिट्सची वाह-वाह गिटार, आपल्या हिंदी सिनेमातले किती पाठलाग त्या आवाजावर निघालेत ते तुम्हीच मोजा. आणि अलाबामातलं मसल शोल्स, छोटंसं गाव, गोरे वाजवणारे, ज्यांना ऐकून लोक छातीठोक सांगायचे की हे काळेच असणार. स्टेपल सिंगर्सच्या 'आय'ल टेक यू देअर' (१९७२) मध्ये मेव्हिस स्टेपल्स गाता गाता मधेच "लिटल डेव्हिड" म्हणून हाक मारते, तो डेव्हिड म्हणजे बेसवाला डेव्हिड हूड. गाण्याच्या आतच क्रेडिट दिलं बाईने.

जेम्स ब्राउन मात्र आपल्याला लवकर कळतो, कारण त्याच्याकडे सम आहे. खरंच. त्याचा सगळा आग्रह एकच, 'द वन', म्हणजे पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र या, मधे काय वाट्टेल ते करा. तबलजीला हे सांगायला लागत नाही. मार्च १९७० मध्ये त्याच्या जुन्या बँडने पैशावरून हात वर केले तेव्हा त्याने सिनसिनाटीहून पोरं उडवून आणली, त्यातला बेसवाला बूट्सी कॉलिन्स अठरा वर्षांचा, सोबत त्याचा भाऊ कॅटफिश गिटारवर. 'सेक्स मशीन' (१९७०) या पोरांचं. टाळीचं आधी जे सांगितलं ते इथे जरा विसरा आणि फक्त एक मोजा, दर चार मात्रांनी एक, आणि बघा सगळे कसे तिथे येऊन आदळतात. आणि त्याआधीच्या बँडमधला ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, 'फंकी ड्रमर'मधला त्याचा तो काही सेकंदांचा एकट्याचा तुकडा पुढे शेकडो हिप-हॉप गाण्यांत कापून चिकटवला गेला, गाण्याचा लेखक म्हणून नाव जेम्स ब्राउनचं, स्टबलफील्डला रॉयल्टी नाही. हे वाचून राग येतो ना, मला अजून येतो.

हे नाव नसण्याचं प्रकरण आपल्याला नवीन नाही म्हणा. मुंबईच्या स्टुडिओत गोव्याहून आलेल्या वाजवणाऱ्यांनी किती गाण्यांना काय काय दिलं, आणि रेकॉर्डच्या कव्हरवर नाव फक्त संगीतकाराचं. म्हणून मला वाटतं मराठी माणसाला ही सवय लवकर लागायला हवी, आपल्या घरातलीच गोष्ट आहे.

पुढे न्यूयॉर्क, तिथला शीक हा बँड. इथे गिटार ऐकायची.

नाइल रॉजर्स गिटार, बर्नार्ड एडवर्ड्स बेस, टोनी थॉम्पसन ड्रम. रॉजर्सच्या हातात जी फेंडर स्ट्रॅटोकास्टर आहे तिच्यावर तो 'चकिंग' करतो, म्हणजे उजवा हात एका मात्रेत चार वेळा या वेगाने सतत वरखाली, किसणीवर खोबरं किसल्यासारखा, आणि डावा हात तारा कधी दाबतो कधी नुसता टेकवतो, टेकवला की सूर येत नाही, नुसतं 'चक' येतं. म्हणजे गिटारीचा निम्मा ड्रम झाला. ही गिटार घे आणि असं वाजव हे त्याला एडवर्ड्सनेच शिकवलं असं रॉजर्स स्वतः सांगतो. 'गुड टाइम्स' (१९७९) लावा आणि एकदा फक्त उजव्या हाताने मांडीवर ती चकचक करून बघा, एक मिनिटात खांदा भरून येतो आणि त्या माणसाने ते अल्बमवर आठ मिनिटं धरलंय. मग दुसऱ्यांदा लावा आणि एडवर्ड्सचा बेस गुणगुणा, तीन सारखे ठोके आणि मग चालायला निघतो, पुन्हा तीन ठोके. हा बेस तुम्हाला दुसरीकडे पण ऐकू येईल, त्याच वर्षीच्या 'रॅपर्स डिलाइट'मध्ये जसाच्या तसा (तो कापून चिकटवलेला नाही, दुसऱ्या वाजवणाऱ्यांनी पुन्हा वाजवलाय, आणि रॉजर्स-एडवर्ड्सनी वकिली भाषा काढल्यावर त्यांची नावं लेखक म्हणून आली), आणि क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मध्ये त्याचा चुलतभाऊ. 'ल फ्रीक'ची (१९७८) गोष्ट तर सगळ्यांना माहितीय, १९७७ च्या ३१ डिसेंबरला गायिका ग्रेस जोन्सने बोलावलं म्हणून हे दोघं स्टुडिओ ५४ या नाइटक्लबला गेले, दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही, घरी येऊन रागाने वाजवत बसले आणि दारवानाला दिलेल्या शिवीचं पुढे 'फ्रीक आउट' झालं. शीकच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर मागे गाणाऱ्यांत ल्यूथर व्हँड्रॉस आहे, तो पुढे केवढा मोठा गायक झाला, तर तो आवाज शोधायचा एक खेळ करा.

मशीनचं एक गाणं ऐकायलाच हवं, कारण त्याशिवाय माणसांची किंमत कळत नाही. डॉना समरचं 'आय फील लव्ह', १९७७, म्युनिक, निर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट. सगळं मोठ्या मोग सिंथेसायझरवर, जो थोड्या थोड्या वेळाने बेसूर व्हायचा म्हणून तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करायला लागायचं. आता एक इअरफोन काढा, मग तो घालून दुसरा काढा. एका कानात बेसचा सूर आणि दुसऱ्यात त्याचाच किंचित उशिरा आलेला पडसाद, दोन्ही मिळून ती धावती लकेर होते. आणि एवढ्या सगळ्या यंत्रात किक ड्रम मात्र हाताने, म्हणजे पायाने, माणसाने वाजवलाय, कीथ फोर्सी. याच वर्षीचं बी जीजचं 'स्टेइंग अलाइव्ह' उलटं आहे, तिथे ड्रम ऐकून वाटतं माणूस आहे, पण ड्रमर डेनिस ब्रायनला घरच्या कारणाने जावं लागलं म्हणून 'नाइट फीव्हर'मधले त्याचेच दोन आवर्तनांचे ठोके टेपवर कापून गोल जोडून फिरवत ठेवलेत. कव्हरवर ड्रमर म्हणून 'बर्नार्ड लूप' असं थापाड्या नाव टाकलं (अशा गोल जोडलेल्या टेपला लूप म्हणतात). म्हणूनच ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूभर हलत नाही.

लांब व्हर्जन ऐका, छोटं नको. रेडिओसाठी तीन मिनिटं, नाचायला आठ-दहा. १२ इंची सिंगल (मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर एकच लांब गाणं) आली कशी, तर टॉम मोल्टन नावाच्या मिक्सिंग करणाऱ्याला एकदा चाचणीची तबकडी कापून हवी होती, ७ इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या म्हणून इंजिनिअरने १० इंचीवर कापली, मग जागा उरली म्हणून रेघा पसरून दिल्या आणि आवाज वाढवला. रेघांना मोकळी जागा मिळाली की बेस जोरात कापता येतो, नाहीतर शेजारच्या रेघेत घुसतो, म्हणून आवाज एकदम छाती हलवणारा आला, आणि मग पुढे १२ इंचीच वापरायला लागले. दुकानात विकायला पहिली १२ इंची आली ती साल्सोलची, १९७६, डबल एक्सपोजरचं 'टेन पर्सेंट', वॉल्टर गिबन्सने लांबवलेलं. लांब गाण्यात मधे कुठेतरी सगळं थांबतं, फक्त ड्रम-काँगो उरतो, मग बेस येतो, मग गिटार, मग व्हायोलिनं. हा 'ब्रेक' म्हणजे आपला फुकटचा शिकवणी वर्ग, एकेक माणूस आत येताना ओळख करून देतो. मी तर सरळ तिथूनच सुरू करतो कधीकधी.

नावं शोधायची सवय कशी लावायची, तर गाणं आवडलं की आधी विचारा कुठल्या शहरात, कुठल्या स्टुडिओत, मग ड्रम आणि बेस कोणाचा. स्ट्रीमिंग ॲपमधले क्रेडिट्स अर्धवट असतात, बऱ्याचदा फक्त लेखक-निर्माता. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या वेबसाइटवर मूळ रेकॉर्डच्या कव्हरचे फोटो असतात, मागची बाजू मोठी करून वाचा. मी एका वहीत लिहितो, एका पानावर एक माणूस, खाली गाणी. गायकाला पान नाही. (अपवाद एकच, स्टीव्ही वंडर, कारण 'सुपरस्टिशन'मध्ये ड्रम, मोग बेस आणि क्लॅव्हिनेट (एक प्रकारचा कीबोर्ड) सगळं तोच वाजवतोय, करणार काय.)

त्या वहीत एक पान बिड्डूचं पण आहे. बंगलोरचा पोरगा, लंडनला जाऊन निर्माता झाला, १९७४ मध्ये कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' त्याने बी-साइड (रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं) म्हणून शेवटच्या काही मिनिटांत उरकलं आणि ते ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला गेलं. त्याच बिड्डूने १९८० मध्ये 'कुर्बानी'साठी नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं. म्हणजे आपल्या गणपती मंडळात वाजलेला डिस्को आणि लंडनचा डिस्को मधे एकच माणूस सोडून लागून आहेत. ते गाणं आता पुन्हा लावा आणि हाय-हॅट कुठे उघडते ते बघा.

शेवटी परीक्षा. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क बेसबॉल मैदानात स्टीव्ह डाल या रेडिओवाल्याने पेटीभर डिस्को रेकॉर्ड स्फोटकं लावून उडवल्या, लोक मैदानात घुसले, खड्डे पडले, त्या दिवशीची दुसरी मॅच खेळताच आली नाही आणि ती शिकागोने गमावली असं धरलं गेलं. डिस्को संपला असं सगळे म्हणायला लागले. पुढच्याच महिन्यात 'गुड टाइम्स' एक नंबरला होतं, पण त्यानंतर शीकला तसं यश पुन्हा आलं नाही, रेडिओवाले नावच घेईनात. आता १९८४ चं मॅडोनाचं 'लाइक अ व्हर्जिन' लावा, कव्हर बघू नका, मॅडोनाकडे लक्ष देऊ नका. मांडीवर उजवा हात ठेवा. गिटार ऐका, बेस गुणगुणा, ड्रमचा फटका किती जड आहे ते बघा. रॉजर्स, एडवर्ड्स, थॉम्पसन, तिघंही आत बसलेत.